साठ दिवसांत आराखडा जाहीर करा, नाहीतर कोर्टात भेटू

हा इशारा तीन दारांवर लावायचा आहे. एक दार दिल्ली सरकारच्या वन व वन्यजीव खात्याचे, दुसरे दिल्ली विकास प्राधिकरणाचे म्हणजे डीडीएचे, आणि तिसरे हरियाणा सरकारचे, जिथे वन खाते आणि पर्यटन खाते एकाच डोंगराकडे डोळे लावून बसली आहेत. इशाऱ्याचा शेवटचा भाग आपल्यासाठी आहे. रविवारी सकाळी गाडीत चटई, डबे आणि स्पीकर टाकून अरवलीकडे निघणाऱ्या दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, नोएडातल्या रहिवाशांसाठी. त्यात आपली मराठी कुटुंबे आणि आपल्या मंडळांच्या सहलीही आल्या.

मागणी एकच आहे. सरकारच्या ताब्यातल्या या जंगलात लोकांनी कुठवर जायचे, कुठे पाऊलही टाकायचे नाही, एका दिवशी किती जणांनी जायचे, आणि हे कोणी कशाच्या आधारावर ठरवले, याचा लेखी आराखडा साठ दिवसांत लोकांसमोर ठेवा. तोवर या जंगलात एकही शर्यत, एकही सोहळा, एकही सफारी होता कामा नये आणि सिमेंटचे एक पोतेही आत जाता कामा नये. साठ दिवसांत आराखडा आला नाही तर आम्ही काय करणार, तेही पुढे स्पष्ट लिहिले आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला वाटेल, दिल्लीच्या जंगलाशी आपला काय संबंध? फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन दिल्लीत तालकटोरा स्टेडियममध्ये भरले. गावोगावहून आलेले साहित्यप्रेमी तीन दिवस तिथे वावरले. १७३७ मध्ये बाजीरावाची फौज याच तालकटोऱ्याच्या आसपास मोगलांना भिडली, हे आपल्याला पाठ आहे. पण स्टेडियमच्या मागे जी काटेरी, धुळकट झाडी वर चढत जाते ती काय आहे, हे त्या गर्दीत किती जणांना ठाऊक होते? ती अरवली आहे. गुजरातेतून निघून राजस्थान आणि हरियाणा ओलांडून दिल्लीत शिरलेल्या, जगातल्या अतिप्राचीन पर्वतांपैकी एका पर्वताचे हे शेवटचे टोक. दिल्लीकर त्याला रिज म्हणतात. विद्यापीठाजवळची उत्तर रिज ८७ हेक्टर, तालकटोऱ्यामागची मध्य रिज ८६४ हेक्टर, मेहरौलीकडची ६२६ हेक्टर, आणि असोला-भाटीपर्यंत पसरलेली दक्षिण रिज ६,२०० हेक्टर. राजस्थानच्या वाळवंटातून येणारी धूळ हीच झाडी अडवते, दिल्लीच्या विहिरी-बोअरवेलना पाणी याच खडकातून मुरते. पुण्यात वेताळ टेकडीसाठी जे लोक रस्त्यावर उतरतात त्यांना याहून जास्त समजावून सांगायला नको.

आता या जमिनीचा कागद पाहू. २४ मे १९९४ रोजी भारतीय वन अधिनियमाच्या कलम ४ खाली रिज राखीव वन करण्याची अधिसूचना निघाली. कलम ४ म्हणजे सरकारने नुसता मनोदय जाहीर करणे. त्यानंतर वन बंदोबस्त अधिकाऱ्याने लोकांचे हक्क-दावे ऐकायचे, हद्दी आखायच्या आणि शेवटी कलम २० खाली अंतिम अधिसूचना काढायची. या शेवटच्या पायरीवर येण्यासाठी दिल्लीने एकतीस वर्षे घेतली. जानेवारी २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तीन महिन्यांची मुदत घातली होती. ती उलटून चार वर्षे गेल्यावर, २०२५ संपता संपता दक्षिण रिजमधल्या सुमारे ४,०८० हेक्टरांची कलम २० ची अधिसूचना निघाली. त्याबद्दल सरकारचे आभार मानायला हरकत नाही, पण कागदावर हद्द आली म्हणजे जमिनीवर खांब आला असे होत नाही. ज्याला आपल्या शेताचा बांध ठाऊक नाही, त्याने त्यात जत्रा भरवायची नसते. इथे नेमके तेच चालू आहे.

असोला-भाटी वन्यजीव अभयारण्याचे उदाहरण घ्या. १९८६ आणि १९९१ अशा दोन टप्प्यांत जाहीर झालेले हे ३२.७१ चौरस किलोमीटरचे अभयारण्य. भाटीचा भाग म्हणजे जुन्या खाणी. दिल्लीच्या कित्येक इमारतींना लागलेली तांबूस बदरपूर रेती इथून गेली. खाणी बंद झाल्या, खड्ड्यांत पाणी साचले, वेडी बाभूळ माजली, आणि हळूहळू तिच्या सावलीत जंगल परत आले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे केंद्र तिथे आहे, आणि कॅमेरा ट्रॅपमध्ये बिबटे टिपले गेले आहेत. तरस, कोल्हे, नीलगाई आहेत. देशाच्या राजधानीच्या हद्दीत बिबट्या पिल्ले वाढवतो, ही साधी गोष्ट नाही.

या अभयारण्याला सरकारने कसे वागवले? २००७ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानंतर शहरातली नकोशी माकडे पकडून इथे आणून सोडायला सुरुवात झाली. २०२२ मध्ये खाणीच्या नीली झीलवर कृत्रिम धबधबे पाडायची टूम निघाली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये वन खात्याने स्वतःच ‘वॉक विथ वाइल्डलाइफ’ नावाचा सोहळा आखला, ज्यात बिबट्यांच्या राहत्या घरातून धावणे, चालणे आणि सायकलफेरी असे सारे काही होते. दिल्ली हायकोर्ट आडवे आले म्हणून तो झाला नाही. लक्षात घ्या, अडवणारे कोर्ट होते. ज्या खात्याला वन्यजीव संरक्षण अधिनियमाने या जागेचा राखणदार नेमले आहे, त्याच खात्याने शर्यतीची कल्पना काढली होती. बिबट्याने एखाद्या धावपटूवर झडप घातली असती तर दुसऱ्या दिवशी पिंजरा कोणासाठी लागला असता, हे जुन्नरच्या माणसाला विचारा.

मध्य रिजमध्ये तर त्याच वर्षी मे महिन्यात पर्यटन खात्याने मालचा महालात भुताटकीच्या सहली सुरू केल्या. संध्याकाळी, सूर्य कलताना, तिकीट लावून. दिवस मावळला की जंगल जनावरांचे, हा नियम आपल्याकडे कातकऱ्याचे पोरही पाळते. राजधानीतल्या खात्याला तो कोणी सांगायचा? बरे, त्या ओसाड पडलेल्या महालाकडे जाणारी वाट राखीव जंगलातून जाते, तिथे किती माणसे झेपतील याचा हिशेब केला होता का? केला असेल तर तो दाखवा. दाखवत नाही, तोवर आम्ही केला नाही असेच धरून चालू.

सगळ्यात मोठा घाट हरियाणात घातला गेला. गुरुग्राम आणि नूह जिल्ह्यांत मिळून १०,००० एकरांवर ‘अरवली जंगल सफारी’. २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हा जगातली सर्वात मोठी असा गाजावाजा झाला, शारजाहच्या सफारीचे दाखले दिले गेले. शारजाहमध्ये वाळवंटावर जंगल उभे करावे लागले. इथे जंगल आहे, त्याच्यावर पिंजरे उभे करायचे होते. आफ्रिकेतली जनावरे आणून ठेवायची, हॉटेले, रोपवे काढायचे, आणि जे बिबटे, तरस आज मोकळे फिरतात त्यांना कुंपणाबाहेर ढकलायचे. देशभरातल्या निवृत्त वनाधिकाऱ्यांनीच याविरुद्ध आवाज उठवला. आयुष्यभर जंगल खात्यात काढलेल्या माणसांना कोर्टाची पायरी चढावी लागते, तेव्हा सेवेतल्या अधिकाऱ्यांनी मान खाली घालायला हवी. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने या सफारीला स्थगिती दिली.

स्थगिती म्हणजे रद्द नव्हे, हे मराठी माणसाला आरेने शिकवले आहे. म्हणून हरियाणा सरकारला आमचे सांगणे असे की सफारीचा हा प्रस्ताव मागे घ्या आणि तसे लेखी जाहीर करा. वन संवर्धन कायद्यात २०२३ ला केलेल्या दुरुस्तीने प्राणिसंग्रहालये आणि सफारींना वनेतर वापरातून सूट देऊन वाट सोपी करून दिली होती. १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने सुप्रीम कोर्टाने ती अडवली. कोर्टाच्या पूर्वपरवानगीशिवाय वनजमिनीवर नवी सफारी वा प्राणिसंग्रहालय अंतिमतः मंजूर करता येणार नाही. आणि पुढच्याच महिन्यात कॉर्बेटमधल्या पाखरो सफारीच्या निकालात, पर्यटनाच्या नावाखाली बेकायदा तोडलेल्या हजारो झाडांबद्दल मंत्री आणि अधिकाऱ्यांवर कडक ताशेरे ओढले. एवढे झाल्यावरही कोणी अरवलीत पिंजऱ्यांचे नकाशे काढत असेल, तर ते अजाणतेपणाने चालले आहे असे आम्ही मानणार नाही.

इथे काही पर्यावरणवादी मित्र म्हणतात, मग जंगलच बंद करा. कुंपण घाला, कुलूप लावा, माणूस आतच नको. त्यांची तळमळ खरी आहे, पण त्यांचे म्हणणे मला मान्य नाही. बंद जंगलात काय होते ते सतबारीत दिसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मैदानगढीच्या निमलष्करी दलांच्या रुग्णालयाकडे जाणारा रस्ता रुंद करण्यासाठी डीडीएने रिजमधली सुमारे ११०० झाडे पाडली. त्याच झाडांसाठीची परवानगी सुप्रीम कोर्टात मागितली होती. ४ मार्चला कोर्टाने ती नाकारली, तेव्हा झाडे आधीच आडवी झाली होती आणि हे कोर्टाला कोणी सांगितले नव्हते. एका जागरूक रहिवाशाच्या अवमान याचिकेमुळे सगळे उघड झाले. २८ मे २०२५ रोजी कोर्टाने अवमान झाल्याचे ठरवले, अधिकाऱ्यांना प्रत्येकी २५,००० रुपये दंड केला आणि १८५ एकरांवर वनीकरण करायला सांगितले. शंभर वर्षांचा हिवर पंचवीस हजारांत परत येत नाही. पण मुद्दा वेगळा आहे. ज्या वाटेवर रोज पन्नास माणसे सकाळी पायी फिरतात, तिथे रात्रीत अकराशे झाडे पडू शकत नाहीत. पडली तर सकाळी सातला बोंब होते. जंगलाला नियमित, शिस्तीत येणारी माणसे हवीत, कारण खात्यापेक्षा त्यांचे डोळे जास्त असतात.

याचा दाखला गुरुग्राममध्येच आहे. तिथले अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क म्हणजे उकरून टाकलेली खाण होती. २०१० पासून तिथल्या नागरिकांनी महापालिकेला सोबत घेऊन तिथे अरवलीची मूळ झाडे लावली, वाढवली, आणि महामार्गाचा रस्ता त्यातून काढायचा बेत झाला तेव्हा हेच लोक आडवे उभे राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये देशातली पहिली ‘ओईसीएम’ जागा, म्हणजे अभयारण्य नसूनही जैवविविधता सांभाळणारी जागा, म्हणून तिची नोंद झाली. लोकांना आत येऊ दिले, म्हणून लोक राखायला उभे राहिले.

तेव्हा उघडायचे की बंद करायचे, असा हा वाद नाही. किती उघडायचे, कुठे, कोणासाठी, कोणत्या महिन्यांत, एवढेच ठरवायचे आहे, आणि ते ठरवून लिहून काढायला तीस वर्षे लागत नाहीत.

मांगरला गेलात तर हे डोळ्यांनी दिसते. गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यापासून आत, मांगर गावाच्या मागे, गुदरियादास बाबांच्या नावाने राखलेली बनी आहे. आपल्या भाषेत देवराई. गुज्जर गावकरी तिथली फांदी तोडत नाहीत, गुरे चारत नाहीत. त्या बनीत धौ नावाचे झाड दाट उभे आहे, आपल्या धावड्याच्या कुळातले. आता बनीबाहेर या आणि उघड्या खडकाळ उतारावर वाकून पाहा. क्वार्टझाइटच्या फटींमधून तोच धौ वीतभर उंचीवर सतरंजीसारखा पसरलेला दिसेल. गुरांनी वर्षानुवर्षे खुडल्यामुळे तो आडवा वाढतो. हे झुडूप नव्हे, वाट पाहणारे झाड आहे. चार-पाच वर्षे राखण मिळाली की त्याच मुळांतून खोड वर येते. आणि नेमक्या याच उतारावर रविवारी चार चाके फिरवायला येणाऱ्या जिपा चढतात, कारण चालवणाऱ्याला ते गवत वाटते. टायरखाली धौची फांदी सालीसकट सोलली जाते. मागे दोन चाकोऱ्या राहतात. जुलैच्या पहिल्या जोरदार सरीत त्या चाकोऱ्यांचे ओघळ होतात, ओघळांबरोबर फटींतली चिमूटभर माती वाहून जाते आणि उघडा दगड उरतो. तिथे पुन्हा धौ उगवायला किती पिढ्या लागतील? खात्याच्या कोणत्याही अहवालात या चाकोऱ्यांचा उल्लेख मला सापडलेला नाही. एक खांब आणि एक साखळी लावली असती तरी त्या जिपा रस्त्यावर थांबल्या असत्या.

हे आराखड्याचे काम आहे, आणि ते कसे करायचे हे बाहेरून शिकून यायला नको. खुद्द डीडीएच्याच जमिनीवर, वजिराबादजवळ ४५७ एकरांवर यमुना बायोडायव्हर्सिटी पार्क आहे. दिल्ली विद्यापीठाच्या प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली ते उभे राहिले. तिथे पाहुण्यांचा भाग वेगळा आणि निसर्गाचा राखीव भाग वेगळा आखलेला आहे. माणूस येतो, शिकतो, फिरतो, पण हिवाळ्यात पाणथळीवर उतरणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर जात नाही. एका जागी डीडीएला हे जमते, मग रिजमध्ये त्याच डीडीएचे बुलडोझर का फिरतात? आपल्याकडे कास पठार आहे. जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या त्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा आहे, नोंदणी आधी करावी लागते, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांकडे आहे. त्यात त्रुटी आहेत, कुंपणावरून भांडणेही झाली. पण आकडा आहे, आणि तो लोकांना ठाऊक आहे. असोल्याचा आकडा काय? मध्य रिजचा? मांगरचा? केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०२१ मध्येच वन आणि वन्यजीव क्षेत्रांतल्या पर्यटनासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. प्रत्येक जागेचा आराखडा, तिची वहनक्षमता (म्हणजे तिला किती माणसे झेपतील) आणि स्थानिकांचा वाटा ही त्यांची गाभ्याची अट आहे. म्हणजे आम्ही काही नवे मागत नाही. सरकारने सरकारलाच सांगितलेले काम करा, एवढे म्हणतो.

यमुनेच्या पूरक्षेत्राबद्दल थोडेच लिहितो, कारण तिथे नदी स्वतः इशारा देते. २०१६ च्या मार्चमध्ये तिथे तीन दिवसांचा जागतिक सांस्कृतिक महोत्सव भरला आणि हरित लवादाने नंतर पूरक्षेत्राच्या हानीची जबाबदारी आयोजकांवर ठेवली. तरी नदीकाठ ‘विकसित’ करण्याची हौस फिटली नाही. जुलै २०२३ मध्ये यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली, आजवरची सर्वाधिक पातळी, आणि काठावरच्या नव्या बागा, पायवाटा पाण्याखाली गेल्या. अरवली असा हिशेब लगेच मागत नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायची आहे. आराखड्याच्या नावाखाली गरिबाला बाहेर काढून श्रीमंतासाठी तिकीटघर उघडू नका. जून २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने फरिदाबादच्या खोरी गावातली सुमारे १०,००० घरे वनजमिनीवर आहेत म्हणून पाडायचा आदेश दिला. करोनाच्या काळात, ऐन उन्हाळ्यात. त्याच अरवलीत पंजाब भू-संरक्षण कायद्याखालच्या जमिनींवर फार्महाउस, मंगल कार्यालये उभी होती आणि त्यांच्याकडे बुलडोझर फिरायला वर्षे लागली. जुलै २०२२ मध्ये कोर्टानेच स्पष्ट केले की या कायद्याच्या कलम ४ च्या विशेष आदेशांखालच्या जमिनी वनच आहेत. कायदा एक असेल तर तो झोपडीला आणि हिरवळीवर डीजे लावणाऱ्या बंगल्याला एकच हवा. भाटीच्या खाणींत ज्यांनी घाम गाळला त्या ओड समाजाची संजय कॉलनी अभयारण्याच्या कडेलाच आहे. मांगर, बालियावास, बंधवाडीचे गावकरी पिढ्यान्पिढ्या हा डोंगर सांभाळत आले, आणि बंधवाडीच्या वाट्याला काय आले, तर दोन शहरांच्या कचऱ्याचा डोंगर. वाटाडे, राखणदार, तिकीटघरातले कर्मचारी नेमायचे असतील तर पहिला हक्क या गावांचा. सकाळी पायी फिरायला पैसे आकारू नका. ओळखपत्र दाखवून वर्षाचा पास द्या.

आता आपल्याकडे वळतो.

मध्य रिजमधून जाणाऱ्या वंदे मातरम् मार्गावर मंगळवारी, शनिवारी गाड्या थांबवून माकडांना केळी आणि चणे घालणे हे पुण्य नाही. त्याने माकड जंगल विसरते, रस्त्यावर येते, चिरडले जाते किंवा चावते, आणि मग पिंजरा घेऊन कोणीतरी त्याला असोल्यात नेऊन सोडते. फरिदाबादच्या बाजूला सूरजकुंडमागे जुन्या खाणींत निळेशार पाणी साचलेले आहे. त्याला लोक डेथ व्हॅली म्हणतात ते उगाच नव्हे. कडा सरळ उभा, तळ दिसत नाही, आणि पोहायला उतरलेली अनेक तरुण मुले तिथून परत आलेली नाहीत. जून २०२४ मध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एकाच कुटुंबातली माणसे पाण्याच्या लोंढ्यात डोळ्यांदेखत वाहून गेली, ते चित्रण आपण सगळ्यांनी पाहिले. तरी पावसाळा आला की इथल्या तलावांवर मुलांना घेऊन जाणारी आपलीच माणसे दिसतात. जाऊ नका. मंडळांच्या वर्षासहली अरवलीत न्यायच्या असतील तर स्पीकर, डिस्पोजेबल ताटे आणि ढोल घरी ठेवून न्या. दिवस मावळायच्या आत बाहेर पडा. गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावर रात्री गाडी हळू चालवा. त्या रस्त्यावर वाहनांखाली बिबटे मेले आहेत. जीप घेऊन उतारावर चढणाऱ्यांसाठी मात्र विनंतीची भाषा संपली आहे. यापुढे नंबरप्लेटचा फोटो तारीख-वेळेसह थेट वन खात्याकडे आणि पोलिसांकडे तक्रार म्हणून जाईल.

आता साठ दिवसांबद्दल. ही मुदत मनाने ठरवलेली नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ५५ प्रमाणे कोणताही नागरिक, गुन्ह्याची आणि तक्रार करण्याच्या इराद्याची साठ दिवसांची नोटीस देऊन, थेट न्यायालयात तक्रार करू शकतो. हा लेख म्हणजे ती नोटीस नव्हे. नोटीस विहित नमुन्यात स्वतंत्रपणे जाईल, तिच्यासोबत अभयारण्याच्या हद्दीतल्या परवानगीशिवायच्या वाटांची, चाकोऱ्यांची आणि अधिवासाच्या नुकसानीची ठिकाणे नकाशावर टिपून जातील. माहिती अधिकाराखाली तीन अर्ज आधी जातील. असोला-भाटीचा चालू व्यवस्थापन आराखडा आणि त्यातली वहनक्षमता; गेल्या पाच वर्षांत रिजमध्ये झालेले सगळे कार्यक्रम आणि त्यांच्या परवानग्या; आणि कलम २० ची अधिसूचना निघालेल्या क्षेत्रात प्रत्यक्ष रोवलेले हद्दीचे खांब. उत्तर तीस दिवसांत द्यायचे, असा कायदा आहे. उत्तर टाळले तर तेही पुरावा म्हणून जोडू. हरित लवादाकडे जाण्यासाठी कारण घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, ती आम्ही उलटू देणार नाही.

सरकारला यातून सुटायचे असेल तर वाट सोपी आहे. उरलेल्या रिजची कलम २० ची अधिसूचना काढा. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रिज व्यवस्थापन मंडळाला कायद्याचे अधिष्ठान द्यायला सांगितले. त्या मंडळाने पहिले काम म्हणून प्रत्येक जागेचा पाहुण्यांचा आराखडा हाती घ्यावा. मसुदा हिंदीतून, सोप्या भाषेत छापा, गावच्या चौपालीत आणि निवासी संघांमध्ये वाचा, हरकतींना तीस दिवस द्या. त्यात चार गोष्टी असल्याच पाहिजेत: माणसांचा आकडा, बंद क्षेत्राचा नकाशा, बंद महिने, आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद. अरवलीची व्याख्या शंभर मीटर उंचीवर बेतायची की नाही, हा वाद सुप्रीम कोर्टात आहे. डिसेंबर २०२५ मध्ये कोर्टाने स्वतःचाच आधीचा आदेश थांबवला, ते बरे झाले. पण तो निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण कोणी सांगू नये. जी जमीन आज निर्विवादपणे सरकारी वन आहे, तिच्यापुरता आराखडा करायला कोणत्याही व्याख्येची गरज नाही.

दिल्लीत मंत्रालयांमधून, वन सेवेत, न्यायालयांत कितीतरी मराठी अधिकारी आणि वकील आहेत. हा लेख त्यांच्या हाती पडेलच. ज्यांच्या टेबलावर ही फाइल आहे त्यांनी ती पुढे सरकवावी. ज्यांच्याकडे नाही त्यांनी नोटिशीचा मसुदा तपासून द्यावा. आणि जो वाचक असोल्याला, मध्य रिजला किंवा मांगरला जात असेल, त्याने या आठवड्यात वन खात्याला एका ओळीचे पत्र लिहावे: या जागेत एका दिवशी किती माणसे चालतील, ते कळवा. पोच जपून ठेवा, ती नोटिशीला जोडायची आहे. आराखड्यासाठी दिलेल्या साठ दिवसांची मोजणी हा लेख छापला गेला त्या तारखेपासून सुरू झाली आहे.